कन्नड घाट आणि आमच्या दोन गाड्या

श्रोतेहो, नमस्कार.

भडगावला आमच्या अंगणात बरीच वर्षं वडिलांची पांढरी अ‍ॅम्बॅसडर उभी असायची. आता तिथे मुलाची महिंद्राची उंच गाडी, एक्सयूव्ही 700 असते. दोन्ही गाड्यांत बसून मी कन्नडचा घाट चढलोय, म्हणून आज हे बोलतोय.

वैशाखात तेव्हाच्या औरंगाबादला जायचं म्हणजे घरातून दोन कॅन पाणी आणि एक फडकं निघायचंच. चाळीसगाव सोडलं की वडिलांचा डोळा टेंपरेचरच्या काट्यावर. 1489 सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम 50 अश्वशक्ती, आणि गाडीत आम्ही आठ जण! अर्ध्या घाटात गाडी आचके देऊ लागायची. आपल्या खान्देशच्या उन्हात, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या बॉनेटखालच्या पंपातच त्याची वाफ व्हायची आणि कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, पेट्रोल मिळेनासं व्हायचं. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि झाडाखाली थांबायचं. तेवढ्यात आई कळण्याची भाकरी आणि ठेचा काढायची. पंप गार झाला की गाडी पुन्हा सुरू.

नव्या गाडीत पेट्रोलच्या वाफेचा प्रश्नच नाही. 2198 सीसीचं डिझेल इंजिन, वरच्या प्रकारात 180हून जास्त अश्वशक्ती. एसी चालू ठेवून घाट कधी संपला ते कळतही नाही.

पण पारावर गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "जुन्या गाडीचा पत्रा पहा भाऊ, रणगाडा होता!" मीही हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. पत्रा वाकला नाही तर धक्का जातो कुठे? थेट आतल्या माणसांच्या छातीत आणि मानेत. नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळावा असाच बांधलेला असतो. तो चेपताना धक्का खातो, आणि माणसं बसतात तो सांगाडा मात्र घट्ट राहतो. 2021 साली ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी या गाडीला पाच तारे मिळाले. अर्थात ते पट्टा बांधलेल्यांसाठी. मागे बसणाऱ्यांनीही बांधायचा, हे मी घरात रोज सांगतो.

उंच गाडीचं वजनही वर असतं. वेगात वळवली तर ती झुकते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाकांना ब्रेक लावून सावरते, तरी वेग आधी आपणच कमी करायला हवा. तरुण पोरांनो, तापीच्या पुलावर रिकामा रस्ता दिसला म्हणून दामटू नका.

एका गोष्टीत मात्र जुनी गाडी सरस होती, आणि ती मला फार जवळची वाटते. आमची आई आता 84 वर्षांची आहे, नऊवारी नेसते. अ‍ॅम्बॅसडरच्या रुंद सीटवर ती खाटेवर टेकावं तशी बसायची. नव्या गाडीत तिला पाय उचलवत नाही. म्हणून डिकीत आम्ही एक बुटका लाकडी पाट ठेवलाय. गाडी थांबली की नातू उतरतो आणि आधी तो पाट मांडतो.