ऊन, उजेड आणि चार अणूंचे वलय

मराठीत ऊन हा शब्द उजेडालाही लागतो आणि ताटातल्या गरम भातालाही. वैशाखात परभणीच्या माळावर उभ्या असलेल्या माणसाला हे दोन अर्थ वेगळे करण्याचे कारण पडत नाही. रेणूला मात्र त्यांतला फरक नेमका कळतो.

बुरूड कारागीर टोपलीसाठी बांबूची कामटी वाकवतो, तेव्हा वलय जितके लहान, तितकी ती हातातून उसळून सरळ होऊ पाहते. तीन कार्बन आणि एक नायट्रोजन यांच्या ॲझेटिडीन वलयाचे तसेच आहे. ज्या बंधांना एरवी सुमारे १०९ अंशांचा कोन मानवतो, ते इथे ९० अंशांच्या आसपास दाबून बसवलेले असतात. हा ताण औषधात कामी येतो. पेनिसिलीनमध्येही नायट्रोजनचे असेच चौकोनी वलय आहे (डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांनी ते सिद्ध करेपर्यंत काही नामवंत रसायनशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते), आणि जिवाणूची भित्तिका बांधणाऱ्या विकराशी (एन्झाइमशी) गाठ पडताच ते उघडून त्यालाच चिकटून बसते.

असे वलय बांधण्याची सरळ वाट म्हणजे कार्बन-कार्बन आणि कार्बन-नायट्रोजन हे दोन दुहेरी बंध समोरासमोर आणून जोडणे. नुसती आच देऊन हे सहसा साधत नाही, कारण इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांची, म्हणजे ते जिथे वावरतात त्या जागांच्या आकारांची, सममिती आड येते. प्रकाशाने एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला, की तो अडसर निघतो. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन असलेल्या दुहेरी बंधाच्या बाबतीत इटलीचे रसायनशास्त्रज्ञ पातेर्नो यांनी ही अभिक्रिया १९०९ मध्येच नोंदवली होती. नायट्रोजनने मात्र दीर्घकाळ दाद दिली नाही, कारण उत्तेजित झालेला कार्बन-नायट्रोजन बंध स्वतःभोवती गिरकी घेतो आणि मिळालेली सारी ऊर्जा उधळून मोकळा होतो.

अलीकडे त्यावर तोड निघाली. इरिडियम या धातूचा उत्प्रेरक दृश्य प्रकाश शोषून घेतो आणि ती ऊर्जा शेजारच्या रेणूच्या हवाली करतो. नायट्रोजनचा बंध आधीच एखाद्या वलयात जखडलेला असला, तर त्याला गिरकी घेता येत नाही, किंवा मग ऊर्जा त्याला न देता कार्बन-कार्बन बंधालाच दिली जाते. माझ्या मते ही दुसरी युक्ती अधिक चतुर आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या प्रयोगशाळेत मे महिन्यात ही मांडणी केली, तर काचेच्या कुपीभोवती निळे एलईडी दिवे असतील आणि शेजारी एक पंखा अखंड फिरत असेल. तो माणसांसाठी नसतो. दिव्यांची आच कुपीपासून दूर न्यावी आणि आत फक्त उजेड पोहोचावा, एवढ्यासाठी तो लावलेला असतो.