घराच्या वर्षाची वही

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर उजाडला की घरात हमखास एक वाद निघतो. थोरलीचा निकाल सहलीच्या आधी लागला की नंतर? आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं की त्यानंतर? फोनमध्ये चार-पाच हजार फोटो असतात, पण खात्रीने कुणालाच काही सांगता येत नाही. तेव्हा आज घराच्या एका वर्षाची नोंद कशी ठेवावी आणि ती कुठे फसते, याबद्दल बोलू या.

पहिली गोष्ट म्हणजे एक वही. शिवलेल्या बांधणीची, जाड पुठ्ठ्याची. स्पायरलची पानं फाटून निघतात, म्हणून ती नको. रोजनिशीचा संकल्प बहुतेक घरांत फेब्रुवारीपर्यंतही टिकत नाही, आणि वर्षाअखेरीस सगळं एकदम लिहायला बसलं तर निम्मं आठवत नाही. महिन्यातून एकदा लिहिणं झेपतं. पहिला रविवार धरा, अर्धा तास, सगळे एकत्र. वही सांभाळायची जबाबदारी एकाची, पण लिहायचं सगळ्यांनी, आपापल्या अक्षरात. लहान मुलांनी चित्र काढलं तरी चालेल, फक्त खाली तारीख हवी.

लिहायचं काय? समजा, धाकटा सायकल शिकला. ‘धाकटा सायकल शिकला, सगळ्यांना खूप आनंद झाला’ असं लिहिलंत, तर दहा वर्षांनी त्यातून काहीच हाती लागणार नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१४ जून, संध्याकाळ. इमारतीमागच्या मोकळ्या जागेत धाकट्याने पहिल्यांदा आधाराशिवाय सायकल चालवली. मागे मावशी धावत होती, हात सोडल्याचं तिने सांगितलंच नाही. दोनदा पडला, उजवा गुडघा खरचटला.’ चारच ओळी आहेत, पण कोण, कुठे, कधी आणि नेमकं काय, हे सगळं आलं. आनंद झाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

वाढदिवस, लग्न, नोकरी, नवं घर हे लक्षात राहतंच. विसरतं ते रोजचं. सकाळी कोण किती वाजता बाहेर पडायचं, सव्वा वर्षाची पोरगी पंख्याला काय म्हणायची, कोणाचा कुठला क्लास चालू होता. दर महिन्याला निदान एक नोंद अशा बिनमहत्त्वाच्या गोष्टीची ठेवाच.

वाईट गोष्टीही लिहाव्यात का? माझं मत आहे, लिहाव्यात. आजारपण, गेलेली नोकरी, एखादं माणूस जाणं हे वगळलं तर ती वही जाहिरातीसारखी दिसते. मात्र दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दलचं काही लिहू नये. नापास झाल्याची नोंद पाहुण्यांसमोर वाचली गेली, तर ते मूल पुन्हा वहीला हात लावत नाही.

आता फोटो. प्रत्येक डिजिटल फोटोच्या आत तो कधी काढला याची नोंद असते. एक्झिफ नावाची ही पद्धत १९९५ पासून आहे. गडबड होते ती फोटो मेसेजवरून आल्यावर. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि आतली नोंद पुसली जाते. मग काकांनी मार्चमध्ये काढलेला फोटो तुमच्या फोनमध्ये मेमध्ये जाऊन बसतो, कारण त्यांनी तो मेमध्ये पाठवला. उपाय सोपा आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ फाइल जशीच्या तशी येते.

प्रवासात आणखी एक घोटाळा होतो. दुसऱ्या देशात उतरल्यावर फोनचं घड्याळ बहुधा आपोआप बदलतं, वेगळ्या कॅमेऱ्याचं बहुधा बदलत नाही. दोन्हीकडचे फोटो एकत्र केले की सकाळची न्याहारी मध्यरात्री झालेली दिसते. म्हणून प्रवासाच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. घरी आल्यावर दोन्ही वेळांतला फरक त्या एका फोटोवरून कळतो, आणि फोटो सांभाळणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तो सगळ्या फोटोंना एकदम लावता येतो.

फोल्डरचं नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि महिना-दिवस दोन आकडी. २०२५-०६-१४, पुढे ‘सायकल’. दिवस आधी लिहिलात तर कॉम्प्युटर साऱ्या महिन्यांच्या एक तारखा शेजारी शेजारी मांडतो.

निवड दर महिन्याला दहा फोटोंची, म्हणजे वर्षाचे एकशेवीस. त्याहून जास्त कुणी मन लावून पाहत नाही. एकसारख्या पंधरा फोटोंमधून एक घ्यायचा तर सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत तो सोडा, आणि कुणीतरी काहीतरी करत असलेला घ्या. एखाद्या माणसाचा वर्षातला एकच फोटो असेल आणि तोही हललेला, तरी ठेवा. नेहमी फोटो काढणारं माणूस मात्र फोटोंतून गायब असतं. त्यासाठी प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा, असा नियमच करा.

मुलांची उंची वाढदिवसाला मोजतात, पण मोजण्यात चुका फार होतात. पाय अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर सरळ. डोक्यावर आडवी पट्टी ठेवली तर ती कलते. जाड पुस्तकाची एक बाजू भिंतीला चिकटवून ते डोक्यावर टेकवा, म्हणजे काटकोन मिळतो. खाली गालिचा नको. वेळ दर वर्षी एकच असावी, कारण दिवसभर उभं राहून पाठीचा कणा दबतो आणि संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटीमीटरपर्यंत कमी भरते. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात, पुढे उभं करून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांत या दोन मापांतला फरक ०.७ सेंटीमीटर धरलाय. तेव्हा मोजायची पद्धत बदलली त्या महिन्यात बाळ खुजं झाल्यासारखं वाटलं, तर घाबरू नका. भिंत रंगवायच्या आधी खुणांचे आकडे वहीत उतरवायला विसरू नका.

वर्षातून एकदा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करा. बाकी सगळं थोडंफार राहिलं तरी चालेल, हे नको राहायला. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेल्या आठवणीत रिंग वाजते. पंखा बंद करा. कानाला तो जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये सतत घरघरतो. गाद्या-पडद्यांची खोली बरी, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा, शक्यतो घडी केलेल्या टॉवेलवर, म्हणजे टेबलावरचा ठोका आत जात नाही. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव मोठ्याने सांगा. ‘आजी, जुन्या आठवणी सांग’ असं म्हटलं की आजी म्हणते, ‘आमचं काय, सांगण्यासारखं काही नाही.’ त्याऐवजी विचारा, ‘तू शाळेत जायचीस तो रस्ता कसा होता? बरोबर कोण असायचं?’ प्रश्न विचारून गप्प बसा. त्या थांबल्या तरी दहा सेकंद काही बोलू नका. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. अर्ध्या तासात थांबा, माणूस दमतं.

प्रवासाची नोंद त्याच रात्री, झोपण्याआधी पाच मिनिटांत. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, कुठे उतरलात, खर्च किती आणि काय चुकलं. कुणाला कुठल्या घाटात मळमळलं, हेही लिहा. पुढच्या सहलीत ठिकाणांच्या वर्णनापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. पावत्या आणि काही तिकिटं उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असतात. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकची पाकिटं यांनी ती कोरी होतात, तेव्हा लगेच फोटो काढा किंवा झेरॉक्स करून तीच चिकटवा.

छापील फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. दाबामुळे पुढच्या बाजूला वळ उठतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल तर नाव-तारीख पाकिटावर लिहा. चिकट पानांचे जुने अल्बम घरात असतील, तर फोटो निघतात तोवर काढून घ्या. तो गोंद वर्षागणिक घट्ट होत जातो. छापताना इंचाला तीनशे ठिपके हा हिशेब, म्हणजे ६ बाय ४ इंचांच्या फोटोला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. पुस्तक करणार असाल तर दोन पानांच्या मधल्या घडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका.

राहिला प्रश्न जपण्याचा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, बहिणीच्या किंवा मामाच्या घरी. फोन आणि क्लाउड जोडलेले असतील तर त्या दोन प्रती समजू नका, कारण फोनवर पुसलेला फोटो तिथूनही पुसला जातो. पेन ड्राइव्ह फोटो नेण्या-आणण्यापुरता वापरा, वर्षानुवर्षं साठवायला नको. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून, मधलेच पाच-दहा फोटो उघडून पाहा. यादी दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असं नसतं. गूगलने २०२३ मध्ये नियम केला की दोन वर्षं वापर नसलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं. आजी-आजोबांचे फोटो त्यांच्याच खात्यावर असतील, तर अधूनमधून त्यात लॉगिन करत राहा. आणि पासवर्ड घरातल्या निदान दोघांना ठाऊक हवा, पण तो या वहीत लिहू नका, कारण वही सगळ्यांच्या हातात फिरते.

नमस्कार.