किल्ली कोणाकडे?

मुलं सांभाळणाऱ्या एका संस्थेतली तान्ह्या बाळांची खोली. रांगेनं पाळणे. दुधाची वेळ टळून गेली आहे, तरी एकही बाळ रडत नाही. बघायला आलेले पाहुणे म्हणतात, "किती शहाणी बाळं!"

भुकेलं बाळ रडायलाच हवं. रडूनही कुणी येत नाही हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की ते रडणं सोडून देतं. इथे कुणी हात उगारलेला नाही. पण दुर्लक्षाचे वळ अंगावर उठत नाहीत.

रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये या शतकाच्या सुरुवातीला संस्थांमधल्या १३६ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या निम्म्यांना कुटुंबांमध्ये वाढवायचं ठरलं. त्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जुळणारं नातं, दोन्ही सुधारलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना फायदा अधिक. संयुक्त राष्ट्रांची २००९ सालची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो कुटुंबातच ठेवा, आणि केवळ गरिबीपायी कुणाचं मूल आईबापांपासून तोडू नका.

तरीही संस्थेत राहणारी मुलं आहेतच. त्यांचं काय?

आता ही भिंत बघा. तक्रारपेटी आहे, कुलूपही आहे. पण ती टांगली आहे अधीक्षकांच्या दाराशेजारी, आणि किल्ली त्यांच्याच खणात. चिठ्ठी टाकायला जाणारं मूल सगळ्यांना दिसतं. ज्याच्यावर मोठी मुलंच दादागिरी करतात, त्याला जाताना तीही बघतात. आणि ज्याला लिहिता येत नाही, बोलता येत नाही, त्यानं काय टाकायचं?

कर्मचारी नेमण्याआधी त्याच्या जुन्या ठिकाणी चौकशी हवी. रात्रपाळीला एकट्या माणसावर सगळा मजला सोडू नये. थकलेल्या माणसाचा तोल आधी सुटतो, आणि वाईट हेतूच्या माणसाला एकांतच हवा असतो. पेटी बाहेरच्या माणसानं उघडावी. त्यानं न कळवता यावं, मुलांशी एकेकट्यानं बोलावं आणि मुख्य म्हणजे पुन्हा यावं. पहिल्या भेटीत कुठलं मूल मन मोकळं करतं? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं पंचविसावं कलम तर संस्थेत ठेवलेल्या प्रत्येक मुलाच्या परिस्थितीचा ठरावीक काळानं आढावा घ्यायला सांगतं. निव्वळ रजिस्टरचा नव्हे.

तपासणीला आलेल्या बाई रजिस्टर मिटतात. समोरच्या मुलाला विचारतात, "रात्री भीती वाटली तर कुणाला हाक मारतोस?"

मुलगा आधी दाराकडे बघतो. बाई उठतात, दार लावून घेतात, आणि परत येऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसतात.