कॅरमचं टेबल घरीच केलं, आणि मे महिन्यात ते तडकलं

नमस्कार मंडळी. हे बघा, जेवायचं टेबल. आता ही एक फळी उचलली, ही दुसरी, ही तिसरी... आणि खाली कॅरम!

मी सुतार नाही. रंधा पहिल्यांदा हातात धरला तो गेल्या वर्षी. त्यामुळं आज ‘असं करा’ कमी आणि ‘मी इथं फसलो’ जास्त ऐकायला मिळेल.

आधी लाकूड. आम्ही औसा तालुक्यातले. आजोबांचं माळवदाचं घर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात पडलं नाही, पण भिंती फाकल्या आणि त्यानंतर आत कुणी झोपलं नाही. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं ओझं. किल्लारी भागात माणसं त्याखालीच गेली. पुढं ते घर उतरवलं. त्यातल्या सागाच्या तुळया गोठ्यात पडून होत्या. दोन तुळया सॉ मिलवर चिरून आणल्या.

जुन्या लाकडात खिळे असतात. फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढा आणि तुळईवरून हळूहळू फिरवा. मी फिरवलं, एका बाजूनं! दुसऱ्या बाजूचा खिळा रंध्याच्या पात्यानं शोधला. हा बघा, पात्याला पडलेला दात.

आता मापं. कॅरमचा खेळायचा भाग नियमाप्रमाणे साडेत्र्याहत्तर ते 74 सेंटिमीटर असतो, पण बाहेरची लाकडी चौकट प्रत्येक बोर्डाची वेगळी. म्हणून नेटवरचं माप घेऊ नका, घरातला बोर्ड मोजा. माझा 88 भरला. चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोकळा सोडून आतली चौकट 89 केली. स्टँडची उंची 63 ते 70 हवी. मी आधाराची पट्टी 66 वर घेतली. बोर्डाची जाडी 5, वरचं झाकण 2, झाले 73. जेवायलाही जमतं.

चौकट काटकोनात आहे का, हे गुण्यानं, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीनं, बघाच, पण त्यावर थांबू नका. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरायला हवेत. 89 च्या चौकोनाचा कर्ण साधारण 126 येतो. माझ्या दोन कर्णांत आठ मिलिमीटरचा फरक निघाला. फेविकॉल ओला होता म्हणून वाचलो. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोरी बांधली, दोरीत काडी घालून पिळली आणि चौकट सरळ केली.

पायाला चौकोनी भोक पाडून त्यात आडव्या पट्टीचं कुसू, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, बसवलंय. यावर वेगळा व्हिडिओ करतो, कारण पहिली तीन कुसवं मी चुलीत घातली.

मजबुतीसाठी कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्याही ठोकल्या. बोर्ड ठेवला, खेळायला बसलो. तिसरी सोंगटी पॉकेटमध्ये गेली आणि तिथंच वर अडकून बसली. पॉकेटखाली लोंबणारी जाळी पट्टीवर गोळा झाली होती! तिरक्या पट्ट्या लावायच्या तर जाळीच्या खाली, हातभर अंतरावर लावा.

आता खरी गोष्ट, झाकण. चार फळ्या चिकटवून 90 सेंटिमीटर रुंद एकच झाकण केलं. ऑगस्टमध्ये. खालून दोन आडव्या पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूनं घट्ट आवळल्या. शेजारचे सुतारमामा बघून गेले, “हे काय करलालास रं? उन्हाळा येऊ दे,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, मामांना माझं काम बघवत नाही.

मे महिन्यात, दुपारी, घरात कुणी नसताना ‘टक्क’ असा आवाज झाला. नाणं उभं जाईल एवढी फट.

कारण सांगतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. पण आकसतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणजे वरच्या फळ्या रुंदीत आखडत होत्या आणि खालची पट्टी त्यांना सोडत नव्हती. मग फळी फाटली. प्लायवूडचं असं होत नाही, कारण त्यात एक थर उभा, एक आडवा असतो.

फट कडेपासून साधारण एक तृतीयांशावर होती. पट्ट्या उखडल्या, झाकण तिथूनच कापलं, दुसऱ्या बाजूनंही तेवढंच. झाल्या तीन फळ्या. मध्ये काडीएवढी फट ठेवली. खालच्या पट्ट्यांना आता फेविकॉल नाही: मधला स्क्रू पक्का, कडेच्या स्क्रूंची भोकं लांबट, वॉशरसकट. लाकडाला सरकायला जागा. आणि अख्खं झाकण उचलायला दोन माणसं लागायची, आता आई एकटी उचलते.

वरून कच्चं जवसाचं तेल लावलंय. वाळायला फार दिवस लागतात, पण सागाचा रंग बघा कसा खुललाय. मात्र तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळत घाला.

मामा परवा येऊन गेले. खाली वाकून लांबट भोकं बघितली, काही बोलले नाहीत, बसले आणि पहिल्याच डावात राणी घेऊन गेले.

चला, दुसरा डाव. बोरिक पावडर कुणी संपवली रे?