'उम्बेर्तो डी.' आणि मारियाची सकाळ

नववास्तववाद, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इटलीत आलेली चित्रपटांची लाट, म्हटलं की आपल्याकडे ठरलेली वैशिष्ट्यं सांगितली जातात: खरे रस्ते, नवखे नट, गरीब माणसं, स्टुडिओला रामराम. त्यात खोटं काही नाही. युद्धानंतर रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती. दिग्दर्शक रोस्सेलिनींना 'रोम, ओपन सिटी'साठी (१९४५) बाहेर पडावंच लागलं. 'बायसिकल थीव्ज'मधला (१९४८) बाप, लाम्बेर्तो माज्जोरानी, हा खरोखरच कारखान्यातला कामगार. हॉलिवूडचे निर्माते सेल्झनिक पैसा घालायला तयार होते, पण नायक म्हणून त्यांना कॅरी ग्रँट हवा होता. दिग्दर्शक दे सिकांनी साफ नकार दिला.

पण रस्ता खरा म्हणून चित्रपट खरा ठरत नाही. याच चित्रपटांतले आवाज बहुधा मागाहून स्टुडिओत भरलेले असत, गर्दीची दृश्यं काटेकोर आखलेली असत. माझ्या मते यांची खरी कमाई वेगळी आहे. एरवी गोष्ट ज्या कामांकडे ढुंकून बघत नाही, त्यांना यांनी पडद्यावर वेळ दिला.

दे सिका आणि पटकथाकार झावात्तिनी यांचा 'उम्बेर्तो डी.' (१९५२) बघा. निवृत्त सरकारी नोकर, तुटपुंजी पेन्शन, थकलेलं भाडं, सोबतीला कुत्रा. ही भूमिका केलीय कार्लो बात्तिस्ती या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी. मला मात्र बोलायचंय ते त्या घरातल्या मारिया या पोरसवदा मोलकरणीबद्दल.

ती पहाटे उठते, डोळे चोळत स्वयंपाकघरात येते. काडी ओढून गॅस पेटवते. भिंतीवर मुंग्यांची रांग लागलेली, तिच्यावर पाणी मारते. खिडकीतून बाहेर बघते, छपरावरून एक मांजर चाललंय. मग खुर्चीत बसून कॉफी दळायला घेते. दार उघडं राहिलंय. उठायचं जिवावर येतं, म्हणून बसल्या जागेवरून पाय ताणून बोटांनी ते लोटते. कॅमेरा त्या पायाकडे टक लावून बघतो. मध्येच ती स्वतःच्या पोटाकडे बघते, डोळे भरून येतात, आणि दळण चालूच राहतं. संवाद एकही नाही.

तिला दिवस गेलेत, दोन सैनिकांपैकी बाप कोण हे नक्की नाही, मालकिणीला कळलं तर ती रस्त्यावर येणार. हे आपल्याला आधीच कळलेलं असतं. म्हणून तर दे सिकांना इथे काही सांगावं लागत नाही. तिचं दुःख तिच्या कामातच मिसळलेलं दिसतं. रडायला बसण्याइतकी सवड या मुलीला नाही, हे मला त्या पायाकडे बघताना जितकं कळतं तितकं कुठल्याही भाषणाने कळलं नसतं.

इटलीत चित्रपट चालला नाही. सरकारात चित्रपटांचा कारभार बघणाऱ्या जूलियो आंद्रेओत्तींनी तर दे सिकांना जाहीर पत्र लिहिलं: हीच आजची इटली असं जगाला वाटलं तर तुम्ही देशाचं नुकसान केलंत. एका म्हाताऱ्याच्या थकलेल्या भाड्याने सरकार इतकं अस्वस्थ व्हावं!

त्याच १९५२ साली मुंबईत आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. 'बायसिकल थीव्ज' तिथे दाखवला गेला, आणि पुढल्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यातल्या शंभूच्या हातरिक्षाची ती धाव आजही अंगावर येते, पण ती गोष्टीला पुढे रेटते. मारियाची सकाळ काहीच रेटत नाही. ती बघायची तर मूळ चित्रपटच बघा, सलग आणि मोबाइल बाजूला ठेवून. जेमतेम दीड तासाचा आहे.