बुंध्याशी सोडलेलं पाणी

(सकाळ. चोपडा तालुक्यातली केळीची बाग. कॅमेरा जमिनीलगत.)

सकाळचे सहा वाजलेत. बागेत अजून कुणी आलेलं नाही, पण पाणी सुरू आहे. ह्या काळ्या नळीतून, एकेका ड्रीपरमधून, ताशी ४ लिटर. थेंब पडतो तिथे खोडाभोवतीची वीत-दोन वीत माती ओली आहे. मधला पट्टा कोरडा ठणठणीत.

ह्याच रानात पूर्वी मोकाट पाणी दिलं जायचं. दांड फोडायचा, पाणी वाफ्यात सोडायचं आणि ते दुसऱ्या टोकाला कधी पोचतं याची वाट बघत बांधावर बसायचं. वीज रात्रीची, म्हणून बसायचंही रात्री. ठिबक आलं तसा खान्देशचा शेतकरी एक गोष्ट शिकला आणि ती त्याच्या अंगात मुरली: पाणी रानाला द्यायचं नाही, मुळाला द्यायचं.

हा तरुण ह्याच बागेत वाढला. आठ वर्षं त्यानं गावोगाव ठिबकचे संच बसवले. आता तो नवी मुंबईत एका कंत्राटदाराकडे आहे. डेटा सेंटर म्हणजे सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकांनी भरलेली इमारत. तिथल्या सर्व्हरपर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या जोडणं, हे त्याचं काम.

(वर्कशॉप. टेबलावर उघडा सर्व्हर, शेजारी पाने आणि नळ्यांची वेटोळी.)

आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, रेल्वेचं तिकीट काढतो, ते सगळं अशा यंत्रांवर चालतं. लोखंडी कपाटात ती एकावर एक रचलेली असतात. ह्या कपाटाला रॅक म्हणतात. बरीच वर्षं एका रॅकला ५ ते १० किलोवॅट वीज पुरायची. जेवढी वीज आत जाते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते. ती काढायला काय करायचे, तर खोलीभर गार हवा सोडायची आणि पंख्यांनी सर्व्हरमधून ओढून घ्यायची. म्हणजे हेही मोकाट पाणीच की! तापते ती बोटभर चिप, आणि गार करायची अख्खी खोली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप आल्या आणि ह्या पद्धतीचा दम संपला. एनव्हिडियाची एच१०० ही चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. घरातली हलकी इस्त्रीही साधारण तेवढीच घेते. फरक एवढाच की इस्त्रीचा तवा तळहाताएवढा असतो आणि ह्या चिपमधला सिलिकॉनचा तुकडा टपाल तिकिटाएवढा. मार्च २०२४ मध्ये ह्याच कंपनीनं एकाच रॅकमध्ये अशा नव्या पिढीच्या ७२ चिप बसवलेलं यंत्र जाहीर केलं. त्या एका रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात. एवढी उष्णता नुसत्या हवेनं उचलली जात नाही. एक लिटर पाणी जेवढी उष्णता वाहून नेतं, तेवढी न्यायला सुमारे ३५०० लिटर हवा लागते.

(तांब्याच्या वडीचा अगदी जवळून घेतलेला शॉट.)

ही कोल्ड प्लेट. तांब्याची चपटी वडी, बर्फीएवढी. झाकण काढलं की आत ह्या खाचा दिसतात. एकेक खाच केसाच्या जाडीच्या आसपास. ही वडी चिपच्या पाठीवर पेस्ट लावून घट्ट बसवायची. एका तोंडातून द्रव आत येतो, खाचांमधून सरकतो, उष्णता घेतो आणि दुसऱ्या तोंडातून निघून जातो. हिशेब सोपा आहे: पाणी १० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं, तर एका किलोवॅटला मिनिटाला साधारण दीड लिटर.

रॅकच्या मागे हे दोन उभे पाइप. एक गार पाण्याचा, एक गरम पाण्याचा. मॅनिफोल्ड म्हणतात त्यांना. हा तरुण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "हा तर सबमेन. आणि ह्या लॅटरल." ठिबकमध्ये सबमेन म्हणजे पाणी वाटणारा मोठा पाइप, लॅटरल म्हणजे त्यातून ओळीओळीत जाणाऱ्या नळ्या. शेताचा तोच नकाशा इथेही. सबमेनवरून प्रत्येक सर्व्हरला दोन नळ्या. आता हे कपलिंग बघा. खट्. जोडलं. पुन्हा खट्. सुटलं. खाली कागद ठेवलाय, त्यावर थेंब नाही. दोन्ही तोंडांना आतून झडप आहे, सुटताक्षणी ती मिटते. विजेवर चाललेल्या यंत्राच्या पोटात पाणी न्यायचं धाडस ह्या झडपेच्या भरवशावर होतं.

आणि हे पाणी नुसतं पाणी नसतं. शुद्ध पाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रॉपिलीन ग्लायकॉल, शिवाय धातू खाल्ला जाऊ नये आणि शेवाळ धरू नये म्हणून घातलेली रसायनं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच फेऱ्यात शक्यतो ठेवत नाहीत, एक धातू दुसऱ्याला कुरतडतो. हा द्रव फिरवणारा पंप आणि गाळणी ह्या पेटीत असतात. आत पत्र्यांचा एक उष्णता-विनिमयक आहे. त्याच्या एका अंगाला सर्व्हरकडचा द्रव, दुसऱ्या अंगाला इमारतीचं पाणी. दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णता इकडची तिकडे जाते.

गाळणीपाशी तो रेंगाळतो. ठिबकची जाळी साधारण १३० मायक्रॉनची, ही ५० मायक्रॉनची. पण दुखणं एकच: चोंदणं. एका ठिकाणी सुरुवातीचं फ्लशिंग, म्हणजे पाइप आतून धुऊन काढणं, घाईत उरकलं होतं. महिन्याभरात प्रवाह कमी झाला, चिप तापायला लागल्या. ह्यानं गाळणी उघडली तर आत टेफ्लॉन टेपचे पांढरे धागे आणि पाइप कापताना उडालेला कीस. पुढचे दोन दिवस फक्त धुणं. बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून गाळणी धुणं, न करता ठिबक चालवलं की काय होतं, ते त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

(जुनी यंत्रं, झरझर.)

ही युक्ती आजची नाही. १९८५ च्या क्रे-२ महासंगणकाचं पूर्ण काळीज वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेलं होतं. पुढे कमी तापणाऱ्या चिप आल्या आणि बहुतेक जण हवेकडे परतले. गुगलनं २०१८ साली टीपीयू ह्या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपसाठी पुन्हा द्रव आणला. पुण्यात आयसर ह्या विज्ञान संस्थेत २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म महासंगणकही चिपपाशी द्रव नेऊनच गार ठेवतात.

(भुसावळजवळ, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचे शीतमनोरे. संध्याकाळ.)

चिपपासून उष्णता निघाली. पण ती गेली कुठे? माझ्या मते डेटा सेंटरवाल्यांना विचारायचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. दीपनगरच्या मनोऱ्यांवर दिसतो तो धूर नव्हे, वाफ आहे. आपल्या घरातला कुलर तेच करतो. मे महिन्याच्या दुपारी टाकी भरावी, तर संध्याकाळपर्यंत ती तळाला जाते. पाणी उडतं, म्हणून गारवा मिळतो. एका युनिट विजेची उष्णता अशी उडवायला साधारण दीड लिटर पाणी लागतं. १२० किलोवॅटचा तो एक रॅक दिवसरात्र चालला तर रोज ४ हजार लिटरच्या वर. भर उन्हाळ्यात केळीच्या मोठ्या झाडाला दिवसाला २० लिटर धरले, तर दोनशे झाडांचं पाणी. एका कपाटाला.

दुसरा रस्ता आहे. फेरा सगळाच बंद ठेवायचा आणि बाहेर मोटारीच्या रेडिएटरसारख्या कॉइलवर पंख्यानं हवा मारायची. त्यात पाणी उडत नाही. चिप बरीच तापली तरी चालते, म्हणून पाणी बर्फासारखं लागतही नाही. म्युनिकजवळचा सुपरएमयूसी महासंगणक २०१२ पासून कोमट, ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालवला गेला. असं सेंटर उद्या खान्देशात आलं, तर अडचण आपल्या मे महिन्याची. जळगाव-भुसावळला हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हा नुसत्या हवेनं पाणी त्याखाली येणार नाही. त्या दुपारांना जोडीला चिलर, म्हणजे विजेवर पाणी गार करणारं यंत्र, लागेल, त्याची जास्तीची वीज लागेल. मी म्हणेन, वर्षातले तेवढे दिवस ती वीज मोजावी, पण बारा महिने तापीचं पाणी उडवू नये. ग्लायकॉलचा जुना द्रव नाल्यात सोडता येत नाही, वीज येणार कुठून, स्थानिकांना कामं किती, हे हिशेबही मांडावे लागतील.

(पुन्हा बाग. सुट्टीवर आलेला तरुण आणि त्याचे वडील.)

मोबाइलवर त्यानं वडिलांना टेबलावरच्या चाचणीचा व्हिडिओ दाखवला. पारदर्शक नळीतून द्रव फिरतोय, फिरतोय. त्यांनी दोनदा बघितला.

"हाई पानी तेच शे का?"

"तेच, आबा. महिनोन् महिने तेच."

आबा काही बोलले नाहीत. मोबाइल परत दिला आणि बॅकवॉशची झडप फिरवली.

नळ्यांची टोकं सोडली आहेत. आधी गढूळ पाणी, मग पिवळसर, मग निवळ. तो एकेक टोक दुमडतो, वर आठच्या आकाराचं कडं चढवतो आणि पुढच्या ओळीकडे जातो.