नुर्मीच्या वॉकमध्ये आपला एक स्टॉप

(मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी! मागे आवाज येतोय ना? वड्यांच्या टेबलापाशी जे उभे आहेत त्यांनी खात खात ऐकलं तरी माझी काही हरकत नाही. कमिटीने मला सांगितलं होतं की हेलसिंकीत नवीन आलेल्यांसाठी काहीतरी बोल, म्हणजे त्यांना बहुतेक टॅक्स कार्ड, डे-केअर, बर्फातले बूट असलं काहीतरी अपेक्षित असणार, पण ते ग्रुपवर रोज चालूच असतं आणि तिथे माझ्यापेक्षा हुशार लोक आहेत, त्यामुळे मी आज फिनलंडचा धावपटू पाव्हो नुर्मी याच्याबद्दल बोलणार आहे. आणि शेवटी एक काम पण सांगणार आहे, तेव्हा लवकर सटकू नका.

तर इथे गाईडबरोबर नुर्मीच्या खुणा बघत शहरातून चालता येतं. स्टेशनजवळून सुरू करायचं आणि खाडीच्या कडेने ऑलिम्पिक स्टेडियमपर्यंत जायचं, आरामात दोनेक तास, चढ फारसा नाही, भारतातून आलेल्या आई-बाबांना पण सहज झेपतं. आम्ही काही जण मिळून गेलो होतो, गाईड साठीच्या पुढची एक बाई, आवाज बारीक पण चालणं असं की आमच्यातल्या जिमवाल्यांची पण दमछाक.

ज्यांना नुर्मी माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जन्म १८९७, तुर्कूचा, वडील सुतार, ते १९१० मध्ये गेले तेव्हा हा बारा-तेरा वर्षांचा, मग शाळा सोडून बेकरीत पोऱ्या म्हणून लागला आणि मालाच्या जड गाड्या चढावरून ढकलायचा. पाय आणि पाठ त्याने तयार झाली असं तो पुढे सांगायचा. १९२०, १९२४ आणि १९२८ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून ९ सुवर्ण आणि ३ रौप्य. पॅरिसला १९२४ मध्ये तर एकट्याची पाच सुवर्णं, त्यातली १५०० मीटर आणि ५००० मीटर ही दोन एकाच दुपारी. आणि दोन दिवसांनी जी क्रॉस कंट्री झाली ती इतक्या भयानक उन्हात, की ३८ जण पळायला उभे राहिले आणि १५ जणच शेवटपर्यंत पोचले, बाकीचे वाटेत आडवे. हा पहिला आला.

आता गंमत अशी की वॉकमध्ये सुरुवातीला बाईंनी आम्हाला जिथे उभं केलं तिथे बघण्यासारखं काहीच नाही. मिकोनकातू, दुकानं आणि ऑफिसांचा रस्ता, लोक कॉफीचे कप घेऊन घाईत चाललेत. बाई म्हणाल्या, या रस्त्यावर नुर्मीचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. रेसिंग संपल्यावर त्याने शर्ट आणि टाय विकले! लोक त्याला बघायला दुकानात यायचे, एमिल झाटोपेकसारखा मोठा धावपटू पण भेटायच्या आशेने आला होता, आणि नुर्मी बसलेला असायचा मागच्या खोलीत, कारण तिथे त्याचा दुसरा धंदा चालायचा, बांधकामाचा. हेलसिंकीत त्याने चाळीस इमारती बांधल्या, एकेकीत शंभराच्या आसपास फ्लॅट. आमच्यातला एक पुणेकर लगेच, "म्हणजे शेवटी बिल्डर झाला!" बाईंना भाषांतर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या हो, आणि चांगला श्रीमंत बिल्डर, आणि ट्रॅकवर त्याला सगळ्यात जास्त टक्कर दिलेला फिनिश धावपटू विले रितोला पुढे त्याच्याच एका फ्लॅटमध्ये राहायला आला, निम्म्या भावात. मला हे फार आवडलं. त्यात मैत्री किती आणि मिरवणं किती ते ज्याने त्याने ठरवावं, मला विचाराल तर दोन्ही.

मग चालता चालता १९३२ ची गोष्ट निघाली. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकला त्याला मॅरेथॉन पळायची होती, तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असायचं, आणि त्याला पळू दिलं नाही, कारण जर्मनीतल्या शर्यतींसाठी प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतले, म्हणजे तू हौशी नाहीस, व्यावसायिक आहेस. अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेचा प्रमुख तेव्हा स्वीडिश होता आणि फिनलंडने तो राग थेट शेजाऱ्यावर काढला, स्वीडनबरोबरची देशादेशांची अ‍ॅथलेटिक्स मॅच १९३९ पर्यंत बंद! नुर्मीने पैसे घेतले का नाही यावर बाईंनी सरळ सांगितलं, बहुधा घेतले. त्याला पैसा कळायचा, तो हिशोबी होता, मनात धरून ठेवणारा होता, पत्रकारांना टाळायचा. सत्तराव्या वाढदिवसाला मुलाखत दिली ती पण प्रश्न विचारायला खुद्द राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन येणार हे कळल्यावर. (आणि केक्कोनेन स्वतः उंच उडीत राष्ट्रीय चॅम्पियन होते, त्यामुळे निदान समोरच्याला खेळातलं कळतंय एवढं तरी समाधान त्याला असणार.)

हे सगळं ऐकताना मला सारखं वाटत होतं की आपल्याकडे राष्ट्रीय हिरोबद्दल एखादा गाईड असं बोलला असता तर पहिल्याच चौकात कोणीतरी त्याला अडवलं असतं. इथे कोणाला काही वाटत नाही. माणूस खडूस होता आणि महान होता, दोन्ही एकाच वाक्यात चालतं.

खाडीच्या कडेचा पट्टा मी सोडून देते, फोटो तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेतच. थेट स्टेडियम. तो पांढरा टॉवर आपण ट्रॅममधून रोज बघतो पण त्याची उंची ७२.७१ मीटरच का हे किती जणांना माहितीये? मट्टी यार्विनेनने १९३२ मध्ये भाला तेवढा फेकला आणि सुवर्ण जिंकलं, म्हणून टॉवर तेवढाच. नीरजच्या फॅन्सनी नोंद घ्यावी. नीरज चोप्राने २०२२ मध्ये ८९.३० फेकला तो तुर्कूला, पाव्हो नुर्मी गेम्समध्येच, म्हणजे नीरजच्या हिशोबाने टॉवर अजून साडेसोळा मीटर वर गेला असता.

टॉवरच्या अलीकडे नुर्मीचा पुतळा. वाइनो आल्तोनेन या शिल्पकाराने १९२५ मध्ये केलेला, इथे आहे ती त्याची एक प्रत, तुर्कूत आणि लोझानमध्ये पण आहेत. पूर्ण विवस्त्र. आमच्या ग्रुपमधल्या काकूंनी फोटोसाठी जो अँगल शोधला त्याला शिल्पकाराने पण दाद दिली असती. पण थोडा वेळ थांबून बघा, सगळा भार पुढच्या पायाच्या चवड्यावर, मागचा पाय हवेत, छाती सरळ, आणि चेहऱ्यावर काहीही नाही, ना जिंकल्याचा आनंद ना दमल्याची खूण. याच पुतळ्याची एक छोटी प्रत १९६१ मध्ये इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्टॉकहोमला नेऊन वासा नावाच्या जहाजावर ठेवली होती, ते १६२८ मध्ये बुडालेलं जहाज पाण्यातून वर काढायच्या अगदी तोंडावर, म्हणजे स्वीडिश लोकांनी तीनशे वर्षांपूर्वीचं जहाज वर काढलं तर आत नुर्मी! सांगताना बाई स्वतःच इतक्या हसल्या की मधेच थांबावं लागलं.

पण माझ्या मते या वॉकमधली सगळ्यात भारी जागा स्टेडियम नाही. त्याच्याजवळ एलाईनतार्हाचं साधं मैदान आहे, कुंपणापाशी सायकली लावलेल्या, शाळेची पोरं पळतायत. पॅरिसला १५०० आणि ५००० च्या फायनल जवळजवळ पाठोपाठ होत्या, कोणीही म्हणेल एक सोड. नुर्मीने काय केलं तर १९ जून १९२४ ला या मैदानावर रंगीत तालीम केली, आधी १५०० पळाला, ३ मिनिटं ५२.६ सेकंद, विश्वविक्रम. थोडी विश्रांती, मग ५०००, १४ मिनिटं २८.२ सेकंद, परत विश्वविक्रम. तासाभरात दोन्ही. म्हणजे पॅरिसला निघतानाच त्याला माहीत होतं की हे होतं, आपण करून बघितलंय.

आणि पळताना हातात स्टॉपवॉच. बाईंनी पर्समधून एक जुनं, साखळीवालं घड्याळ काढलं, त्याचं नाही, बाजारातून घेतलेलं, आणि आमच्या हातात फिरवलं. मुठीत धरून पळून बघा म्हणाल्या. आमच्यातली दोन पोरं पळाली आणि काट्याकडे बघायला गेली की लय तुटायची. नुर्मी प्रत्येक फेरीला वेळ बघायचा, शेजारी कोण पळतंय त्याची पर्वा नाही, आणि शेवटची फेरी आली की घड्याळ गवतावर फेकून द्यायचा. बाजूचे लोक काय समजायचं ते समजायचे!

मग १९५२. ऑलिम्पिक शेवटी हेलसिंकीत आलं (खरं तर १९४० ला यायचं होतं, स्टेडियम १९३८ लाच तयार होतं, पण युद्ध झालं). १९ जुलै, पाऊस, आणि मशाल घेऊन आत कोण येणार ते गुपित ठेवलेलं. दारातून पंचावन्न वर्षांचा, डोक्यावरचे केस कमी झालेला माणूस आला आणि ती पळण्याची ढब बघून लोकांनी ओळखलं. मैदानात रांगेत उभे असलेले देशोदेशीचे खेळाडू रांगा मोडून ट्रॅकच्या कडेला धावले, त्याला जवळून बघायला. ज्या माणसाला ऑलिम्पिकमधून हाकललं होतं त्याच्या हातात ऑलिम्पिकची मशाल. भारताचं पथक पण त्या संचलनात होतं.

आणि इथे, मंडळी, मी आपल्यावर येते.

पुतळ्यापासून चालत दोन-चार मिनिटांवर किसाहाल्ली आहे. तुमच्यातले बरेच जण तिथे बॅडमिंटन खेळायला जातात, बुकिंगवरून भांडता पण. त्या इमारतीचं तेव्हाचं नाव मेस्सुहाल्ली, आणि १९५२ च्या कुस्त्या तिथे झाल्या. नुर्मीने मशाल आणल्यानंतर चौथ्या दिवशी, २३ जुलैला, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथे ५७ किलो गटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कोल्हापूरचे मांगवे पण त्याच स्पर्धेत होते.

गाईडच्या वॉकमध्ये हे नव्हतं, आणि का असावं, वॉक नुर्मीचा आहे. पण मी कराडची आहे, गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मला राहवलं नाही आणि मी बाईंना सांगायला लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी खाशाबांना इथे पाठवायला घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक, मग पोलिसातली नोकरी, १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो पण मरणोत्तर. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कुस्ती कशी खेळायचे?"

बघा, मी तालमीच्या गावची, आणि पहिल्यांदा तोंडातून काय निघालं तर घर गहाण. आपण सगळेच असं सांगतो. गरिबी, उपेक्षा, सरकार, पेन्शन, आणि ते सगळं खरंच आहे, पण त्यात पैलवान कुठाय? नुर्मीची गरिबी बाईंनी दोन वाक्यांत संपवली आणि स्टॉपवॉचवर पंधरा मिनिटं घालवली.

तर मग मी तिथेच, किसाहाल्लीच्या दारात, त्यांना ढाक सांगितली. खाशाबांचा हुकमी डाव. समोरच्याच्या मानेला हाताचा विळखा घालायचा, त्याला अंगाशी घट्ट ओढायचं, कंबर आत घालून वळायचं आणि त्याला उचलून खाली आणायचं. अंगकाठी बारीक असली तरी चालते कारण ताकदीपेक्षा वळायची वेळ महत्त्वाची. करून दाखवायला आपल्या मंडळाच्या खजिनदारांना पुढे घेतलं होतं, ते आज इथे मान हलवू शकतायत त्याअर्थी मी नीट केलं. आणि हे पण सांगितलं की हा माणूस मातीत तयार झालेला, मॅट काय असते ते त्यांना १९४८ च्या लंडनने शिकवलं. तिथे सहावे आले आणि चार वर्षांनी इथे कॅनडाचा, मेक्सिकोचा, जर्मनीचा असे तीन पैलवान हरवले. मग जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती, तीत हरले, तोच इशी पुढे सुवर्ण घेऊन गेला. आणि मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम असताना लगेच सोव्हिएत रशियाच्या मल्लासमोर उभं केलं गेलं, आणि भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. बाई म्हणाल्या, "नुर्मी असता तर त्याने घड्याळ दाखवलं असतं." मला काही क्षण कळेना यावर हसावं का काय करावं.

तर काम असं आहे. त्या बाई तयार आहेत, २३ जुलैच्या जवळच्या रविवारी आपल्या मंडळासाठी वॉक घ्यायला, मिकोनकातूपासून सुरू आणि शेवटचा स्टॉप किसाहाल्ली, तिथला भाग आपण सांगायचा. फिनिशमध्ये सांगायचा, कारण आपल्या पोरांचे शाळेतले मित्र आणि त्यांचे आई-बाबा पण यावेत अशी माझी इच्छा आहे, इंग्लिशमध्ये सांगितलं की ते परत भारतीयांचा कार्यक्रम होऊन बसतं. माझं फिनिश दुकानात दूध मागण्यापुरतं आहे. म्हणून मला बारावी-तेरावीतली, इथेच वाढलेली दोन मुलं हवीत जी हे नीट बोलू शकतील, आणि असा एक माणूस हवा ज्याने खरोखर तालमीत लंगोट बांधलाय, कारण खजिनदार दुसऱ्यांदा तयार नाहीत, मी विचारून झालंय. मुलांना ढाक शिकवायला दोन-तीन संध्याकाळी तरी लागतील, मॅटची सोय बघावी लागेल, आणि कोणाच्या घरी त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर स्कॅन करून पाठवा, रंगीत प्रिंट मी काढते.

नावं आत्ताच, जेवणाच्या लाइनीत, माझ्याकडे किंवा सेक्रेटरींकडे द्या. पाऊस असला तरी वॉक होणार, छत्री आणा, १९५२ ला पण पाऊसच होता. चला, श्रीखंड बाहेर आलंय.